उनाइसीची वेगळी चूल

उनाइसीचा डबा गेली सतरा वर्षं इनोके पळवतो. डब्यात असतं तरी काय? उकडलेला कसावा, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची भाजी, महिनाअखेर असेल तर पत्र्याच्या डबीतले मासे. पण इनोके हा ऑफिसचा ड्रायव्हर पडला नासोलो गावचा आणि उनाइसी मतानिवाईची, आणि ही दोन्ही गावं एकमेकांची ताऊवू. दोघांचा जुना देव एकच. त्यामुळे एकाने दुसऱ्याचं काहीही उचलावं, काहीही बोलावं, आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, असा फिजीतला कायदा. उनाइसीही काही गरीब गाय नव्हे. गेल्या वर्षी तिने इनोकेच्या नव्या चपला पुडक्यात बांधून पोस्टाने त्याच्या गावी पाठवून दिल्या. बिचारा आठवडाभर अनवाणी गाडी हाकत होता आणि साऱ्या सुव्हा शहराला ही गोष्ट हसत हसत सांगत होता.

उनाइसी बावन्न वर्षांची. बंदराच्या कडेला भरती-ओहोटी मोजणारी एक छोटी सरकारी कचेरी आहे, तिथे ती चोविसाव्या वर्षी लागली. काम एकच: धक्क्याच्या खांबावरचे आकडे वाचायचे आणि वहीत लिहायचे. दहा वर्षं तिने ते केलं. मग खांबाचे आकडे आपोआप संगणकात यायला लागले आणि लोक म्हणाले, आता उनाइसीचं काय करायचं? तेव्हा उनाइसी संगणक शिकली. आणि शिकली ती कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

कचेरीतली सगळी यंत्रं सांभाळायचा ओसेआ. हा उनाइसीचा चुलत भाऊ, दोन सख्ख्या भावांची ही मुलं. त्यांच्यात चुलत म्हणजे सख्खंच. आणि बहीणभाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण असतं म्हणून नव्हे हो, मान म्हणून. समोरासमोर बोलायचं नाही, एकमेकांच्या वस्तूला हात लावायचा नाही, थट्टा तर नाहीच नाही. वर आणखी एक मेख अशी, की बहिणीने काही मागितलं तर भावाला नाही म्हणता येत नाही. म्हणून शहाणी बहीण मागतच नाही. उनाइसीने चाळीस वर्षांत ओसेआकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्यातली एकोणीस वर्षं दोघं एकाच मजल्यावर काम करत होती.

पण ओसेआला दिसत होतं, बहीण संध्याकाळी मागे थांबून कसला तरी प्रोग्राम लिहायची धडपड करते आहे. मग कचेरीच्या फळ्यावर 'सर्वांसाठी सूचना' लागायला लागल्या. 'ज्या कुणाचा प्रोग्राम तारखेपाशी अडतो, त्याने तारखेत दिवसाच्या आधी महिना लिहावा.' आता त्या मजल्यावर प्रोग्राम लिहिणारी माणसं दोन. एक सूचना लावणारा आणि दुसरी उनाइसी. ती फळ्यापाशी जायची, वाचायची, जागेवर येऊन दुरुस्ती करायची. कधी सामायिक टेबलावर एखादं पुस्तक पडलेलं असायचं, नेमक्या पानात चिठ्ठी घातलेलं. असं करता करता ती तयार झाली. गुरुशिष्यांनी एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नाही, पण शिक्षण पुरं झालं.

ऑगस्टमध्ये ओसेआ निवृत्त होऊन कंदावू बेटावर, मतानिवाईला, गावी निघून गेला. नवा माणूस येईपर्यंत, सगळ्यांचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मोठ्या यंत्राच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, उनाइसीकडे आले.

आता नोव्हेंबर उजाडला होता. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या याच दिवसांत येतात आणि सखल गावांत पाणी घरात शिरतं. उनाइसीने अठ्ठावीस वर्षांचे आकडे, चंद्र, वारा असं सगळं एकत्र करून एक प्रोग्राम लिहिला होता. तो गावागणिक सांगायचा, की पाणी किती वाजता येणार आणि कुठल्या पायरीपर्यंत चढणार. फूट नि इंच नव्हे, पायरी. कारण फुटाचा आकडा ऐकून कुणी होडी हलवत नाही.

कचेरीच्या मुख्य लोसाना मॅडम यांनी सोमवारी सकाळी तिला बोलावलं. "उनाइसी, मला तुझं काम आवडलंय. पण वरून परदेशी कंपनीचा तयार प्रोग्राम घ्यायचा दबाव आहे. शुक्रवारी दहा वाजता तुझा प्रोग्राम मोठ्या यंत्रावर चालवून दाखव. चालला तर या हंगामापासून गावांना इशारे तुझे जातील. नाही चालला तर मला तो दुसरा घ्यावा लागेल, आणि तुला खालच्या खिडकीवर बसवावं लागेल."

खालची खिडकी म्हणजे अर्जांवर शिक्के मारायचं काम. शिक्के मारण्यात उनाइसीला कमीपणा वाटत नव्हता. पण ज्या समुद्राची नाडी अठ्ठावीस वर्षं धरली, त्याच्याकडे पाठ करून निवृत्तीपर्यंत बसायचं, हे मात्र तिला नको होतं. ती फक्त म्हणाली, "चालेल मॅडम."

प्रोग्राम तिच्या स्वतःच्या संगणकावर झरझर चालत होता. पण मोठ्या यंत्रावर नियम कडक. तिथे पावसाचा जुना प्रोग्राम राहतो, त्याला जुनीच भांडीकुंडी, म्हणजे मदतीचे छोटे प्रोग्राम, लागतात. मागे कुणीतरी त्याच्या स्वयंपाकघरात नवी भांडी आणून ठेवली आणि पावसाची बातमी दोन दिवस बंद पडली. तेव्हापासून ओसेआने दंडक घातला: सामायिक घरात कुणी ढवळाढवळ करायची नाही. ज्याला नवं काही हवं त्याने आपली वेगळी चूल मांडावी. स्वतःच्या चार भिंती, स्वतःची भांडी, शेजाऱ्याला त्रास नाही. त्यासाठी ओसेआनेच एक आज्ञा लिहून ठेवली होती. ती दिली की यंत्र आपोआप दहा-पंधरा मिनिटांत नवी चूल मांडून देई.

सोमवारी दुपारी उनाइसीने ती आज्ञा दिली. पडद्यावर आलं, 'तयारी सुरू आहे'. बस्स. त्यापुढे ओळ हलेना. ती डबा खायला गेली, डबा अर्थातच जागेवर नव्हता, तेव्हा रस्त्यावरून बटाट्याची भाजी गुंडाळलेली रोटी घेऊन आली. तरी 'तयारी सुरू आहे'. पाच वाजले, बस पकडायची वेळ झाली, तरी तेच. लग्नघरातल्या नवरीची तयारीसुद्धा याहून लवकर आटपते.

मंगळवारी तिने शाल्विनला हाक मारली. शाल्विन इंटरनेटच्या तारा बघणारा, लंबासाचा हिंदुस्थानी पोरगा, तिशीतला. तो तिला नाऊ म्हणायचा. तिकडे वयस्कर बाईला असंच म्हणतात.

"नाऊ, इंटरनेटचं असेल," तो खुर्ची ओढत म्हणाला. "ही भांडी सगळी बाहेरून यायची ना? तार सुस्त असेल."

"तार तू बघतोस ना? मग तूच सुस्त."

शाल्विनने तपासलं. बाहेरून एक मोठी फाईल मागवली, ती मिनिटभरात आली. तार ठणठणीत होती. मग त्याला वाटलं यंत्रात जागा संपली असेल. बघितलं तर खरंच जागा थोडी राहिलेली. कोण खातंय म्हणून शोधलं तर एका कोपऱ्यात सेव्हन्स रग्बीच्या दोनशे मॅचेस निघाल्या.

"या कुणाच्या रे?" उनाइसीने विचारलं.

शाल्विन छताकडे बघायला लागला. "हवामानाशी संबंधित असतील."

"दोनशे?"

"वादळी खेळ झाला होता, नाऊ."

त्या मॅचेस गेल्या, जागा ऐसपैस झाली, आणि चूल काही मांडली गेली नाही. बुधवारी उनाइसीने यंत्र सोडून आज्ञाच वाचायला घेतली. ओसेआने लिहिलेली ती आज्ञा, ओळ न ओळ. हे वाचायला हरकत नव्हती, ती सर्वांसाठी होती. आत तिला एक सोय सापडली. आज्ञा देताना शेवटी एक शब्द जोडला की यंत्र मूग गिळून न बसता प्रत्येक पाऊल बोलून दाखवतं. तिने तो शब्द जोडला, आणि यंत्राने चटकन सांगून टाकलं: आत कडी लागलेली आहे. कडी लावणारा: ओसेआ. ती निघायची वाट पाहत आहे.

म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं. दोन माणसांनी एकाच वेळी चुली मांडायला घेऊन गोंधळ करू नये म्हणून आज्ञा आधी आतून कडी लावते आणि काम झालं की काढते. ओसेआने कधीतरी लावलेली कडी तशीच राहिली होती. तो गेल्यापासून कुणाला नवी चूल लागलीच नव्हती, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शाल्विन खूश झाला. "एवढंच? ती एक इवलीशी फाईल आहे, नाऊ. पुसून टाका. एक सेकंद."

उनाइसीने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"दादाची वस्तू आहे."

"वस्तू कसली? फाईल आहे."

"नाव त्याचं आहे ना तिच्यावर?"

शाल्विनचा जन्म फिजीतला. त्याला हे सगळं ठाऊक होतं, पण मोठ्या यंत्राच्या पोटापर्यंत ते पोहोचलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने डोकं खाजवलं. "मग मी पुसतो. तो माझा कुणी लागत नाही."

"आणि आत कुणी असेल तर?" उनाइसी म्हणाली. "कडी आतून लागलीय. दार तोडण्याआधी माणूस आत आहे का बघायचं असतं."

ही गोष्ट मात्र मानापानाची नव्हती, शुद्ध कारागिरीची होती. कडीवर ज्या कामाचा क्रमांक होता तो तिने यंत्राला विचारला. दादाचं काम काय आहे हे न विचारता फक्त एवढंच विचारलं, की ते जिवंत आहे का. यंत्र म्हणालं, जिवंत आहे. बावीस ऑगस्टपासून.

बावीस ऑगस्ट म्हणजे ओसेआच्या निरोपाचा दिवस. तीन महिने ते काम आत बसून होतं. बॅटऱ्या आहेत, जनरेटर आहे, ते यंत्र कधी बंद पडत नाही, आणि पडलं असतं तर ते काम आपोआप संपलं असतं.

आता झाली खरी पंचाईत. कडी जबरदस्तीने काढावी तर आतलं काम अर्धवट तुटणार, त्यात पावसाच्या प्रोग्रामचं काही बिघडलं तर गावभर बोभाटा. आतलं काम काय आहे ते बघावं तर ओसेआची उघडी खिडकी, त्याचं खाजगी लिहिणं. किल्ल्या हातात असून उनाइसीला ती उघडवेना. शाल्विनलाही ती उघडू देईना. परक्या माणसाने दादाच्या चीजवस्तूंत हात घालायचा आणि आपण शेजारी उभं राहून बघायचं, हे तिला त्याहून वाईट वाटत होतं.

"मग त्याला फोन लावा," शाल्विन म्हणाला.

"मी? त्याला?"

"मी लावतो."

"लाव आणि सांग काय? तुझ्या बहिणीचं अडलंय म्हणून? तो हातातलं टाकून संध्याकाळच्या बोटीत बसेल. गुडघे धरलेत त्याचे. मी मागितलं की त्याला नाही म्हणता येत नाही, हे तुला माहीत आहे ना? मग मागायचं कसं?"

शाल्विनने कपाळाला हात लावला. त्या दिवशी उनाइसी बसमध्ये खिडकीशी बसली आणि लामीतल्या घरापर्यंत समुद्राकडे बघत गेली. तिला रडू आलं नाही, पण राग फार आला. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी ती जेवायला उठली. डबा गायब. जिन्यात इनोके बसून तिचाच कसावा चावत होता. त्याला बघितलं आणि उनाइसी जागच्या जागी थांबली. दादाची वस्तू कुणाला उचलता येते? जगात एकाच तऱ्हेच्या माणसाला, ताऊवूला. आणि तो माणूस तिच्या भाजीत बोटं बुडवून समोर बसला होता.

"नासोलोच्या भिकाऱ्या," ती म्हणाली, "ओसेआदादाची एक वस्तू पळवायची आहे. जमेल?"

इनोकेने डबा बाजूला ठेवला. असा आनंद त्याला पगाराच्या दिवशीही होत नसे. "काय आहे? जाळं? नवा कोयता? माझे आजोबा तुमच्या गावातून एकदा अख्खं डुक्कर..."

"तुझ्या आजोबांचं डुक्कर मला पाठ आहे. वर चल आणि हात धू."

इनोके आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या यंत्रासमोर बसला. दीडशे किलोचा गडी, खुर्ची कण्हली. शाल्विन मजा बघायला येऊन उभा राहिला. उनाइसीने आपली खुर्ची उलटी फिरवली आणि यंत्राकडे पाठ करून, खिडकीबाहेर धक्क्याकडे तोंड करून बसली.

"मी सांगते तसं दाब," ती म्हणाली. "एकेक अक्षर. मी बघणार नाही. काय दिसतं ते तू वाचायचं."

"मतानिवाईची माणसं नासोलोला पाठ दाखवतात, हे आमचे म्हातारे सांगायचेच."

"दाब रे."

एका बोटाने, दर अक्षराला जीभ बाहेर काढत, इनोकेने दाबलं. शेवटच्या अक्षरानंतर त्याच्या तोंडून "अरेच्चा" निघालं.

"काय दिसतं?"

"काळा पडदा. वर लिहिलंय, नवी चूल. मग तारीख, बावीस ऑगस्ट." तो थांबला. "मग नाव आहे."

"कसलं नाव?"

"चुलीचं. वाचतो, पण मी काही चेष्टा करत नाहीये हं. 'बहिणीची'."

धक्क्यावरून एक मासेमारी बोट भोंगा वाजवत निघाली होती.

"पुढे वाच," उनाइसी म्हणाली.

पुढे यादी होती. काय काय भांडी मांडायची त्याची. इनोके अडखळत एकेक नाव वाचत गेला आणि शाल्विन मागून उच्चार सुधारत गेला. भरती मोजायचं एक, नकाशे काढायचं एक, गावांच्या फोनवर निरोप धाडायचं एक. उनाइसीच्या प्रोग्रामला लागणारं प्रत्येक भांडं त्यात होतं, आणि नेमकं नव्या घडणीचं. तिने कुणाला ही यादी दिली नव्हती. तिने फक्त संध्याकाळी मागे थांबून काम केलं होतं, आणि कुणीतरी दुरून बघितलं होतं.

"आणि शेवटी?" तिने विचारलं.

"शेवटी लिहिलंय, 'पुढे जायचं? हो की नाही.' आणि एक चौकोन लुकलुकतोय."

शाल्विन हळूच हसला. "नाऊ, तुमचीच चूल तुमच्या चुलीची वाट अडवून बसलीय. तीन महिने. आता हो दाबा आणि मोकळ्या व्हा."

"दाबू?" इनोकेचं बोट वर उचललेलंच होतं.

"थांब. त्याला बहिणी चार आहेत."

"त्यातली संगणकावर भरती मोजणारी कोणती गं?" इनोके म्हणाला. पण उनाइसीने मान हलवली. भावाने मांडायला घेतलेली गोष्ट आपलीच असं धरून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने फोन काढला आणि वहिनीला लावला. भावाशी बोलायचं नसतं, पण भावजयीशी हवं तेवढं बोलता येतं. वासितीवहिनी तर बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती.

"वहिनी, दादा कुठे आहे?"

"इथेच. माझ्या पुढ्यात. जाळं शिवतोय आणि दोरा माझ्या पायात गुंतवतोय. का गं?"

"त्याला काही मागायचं नाहीये, हे आधी सांग."

वहिनीने सांगितलं. फोनमधून दादाचा आवाज ऐकू आला, 'बरं' म्हणाला. तो शब्द उनाइसीने स्वच्छ ऐकला, पण वहिनीने तो पुन्हा सांगेपर्यंत ती थांबली. "तो म्हणतो, बरं."

"त्याला विचार, मोठ्या यंत्रात त्याने एक चूल मांडायला घेतली होती. ती कुणाची?"

वहिनीने विचारलं. मग दादा सावकाश बोलत गेला आणि वहिनी मागोमाग.

"तो म्हणतो, कुणाची म्हणजे काय, तिचीच. तो म्हणतो, अजून पेटवली नाही का? त्याने सगळं मांडून शेवटचा प्रश्न मुद्दाम सोडला होता म्हणे. चूल तिची, मग हो मी कसं म्हणू? तिने यावं, तिने म्हणावं. आणि तो म्हणतो, मी निरोप दिला होता की."

"कुणाकडे?"

पलीकडून उत्तर आलं ते वहिनीने सांगायच्या आधीच उनाइसीने खुर्ची गर्रकन फिरवली. इनोके यंत्राच्या मागे लपायचा प्रयत्न करत होता, पण दीडशे किलो लपतात कुठे?

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही. निरोपाच्या दिवशी यांगोना पीत बसलो होतो. सातव्या वाटीला हा माझ्या कानाशी येतो आणि म्हणतो, बहिणीसाठी यंत्रात चूल मांडलीय, तेवढी पेटवायला सांग. आता तूच सांग. मतानिवाईचा माणूस, यंत्रात चूल. मी म्हटलं, हा मला सगळ्यांसमोर येडा ठरवायला निघालाय. ताऊवूचं बोलणं खरं कोण धरतं? मी हसलो. मग तोही हसला. झालं."

"तो का हसला?" शाल्विनने विचारलं.

"मला वाटलं, थट्टा पकडली म्हणून."

फोनमध्ये वहिनी खदाखदा हसत होती आणि सगळं दादाला सांगत होती, आणि मागे दादाचं हसणं ऐकू येत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा हा असा, सतरा वर्षं तिचाच डबा खाऊन गोल झालेला. उनाइसीला रागवायचं होतं. पण रागवायची परवानगी नव्हती, आणि हसू तर आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने ब्लाउजच्या बाहीला पुसलं.

"ऊठ," ती इनोकेला म्हणाली.

ती खुर्चीत बसली. पडदा आता तिला उघडउघड दिसत होता आणि बघायला लाज वाटत नव्हती, कारण ती चूल तिची होती. तिने 'हो' दाबलं. सोमवारपासून वाट पाहत उभी असलेली आपली आज्ञा काढून टाकली. यंत्राने एकेक भांडं मांडायला घेतलं आणि अकरा मिनिटांत सांगितलं, तयार आहे. कडी निघाली.

शुक्रवारी दहाला लोसाना मॅडम आल्या, त्यांच्यासोबत वरच्या कचेरीतले दोन पाहुणे. प्रोग्राम चालला. पहिल्यांदा नकाशा उलटा आला, पण तो पडदा भिंतीवर दाखवायच्या मशीनचा दोष निघाला, शाल्विनने ते मशीन उलटं टांगलं होतं. मॅडमनी गेल्या आठवड्यातल्या चार भरत्या विचारल्या, प्रोग्रामने सांगितलेलं आणि खांबाने मोजलेलं बोटभर इकडेतिकडे आलं. पाहुण्यांनी पायरी म्हणजे किती असं विचारलं. "ज्याच्या त्याच्या घराची," उनाइसी म्हणाली, "मी सगळ्या मोजून आणल्यात." मॅडमनी परदेशी कंपनीचं पत्र घडी करून पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "आजपासून तुझे इशारे जाऊ देत. आणि खाली तुझं नाव टाक. चुकलं तर लोकांना कळायला हवं कुणाला शिव्या द्यायच्या."

त्याच संध्याकाळी चाळीस गावांतल्या फोनवर पहिला निरोप गेला. प्रत्येक गावाला त्याचा त्याचा. मतानिवाईला गेला तो असा: 'शनिवार, सकाळी साडेसात. पाणी खालच्या पायरीवर दोन वीत चढेल. होड्या वर ओढा. कोंबड्या हलवा. उनाइसी, भरती कचेरी.'

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला ती लामीला घरी कपडे वाळत घालत होती. फोन वाजला. वासितीवहिनी.

"किती आलं?" उनाइसीने आधी तेच विचारलं.

"दोन वीत. बरोबर दोन वीत. काल निरोप आला तेव्हा तो ओट्यावर बसला होता. मला म्हणाला, चष्मा आण. वाचला. मग पुन्हा वाचला. मी म्हटलं, अहो साऱ्या गावाच्या फोनवर तेच आलंय, त्यात एवढं काय बघायचं? तर म्हणे, गावाला आलं असेल, मलाही आलंय. मग अंधार पडायच्या आत होडी ओढली, कोंबड्या हलवल्या आणि फोन खिशात घालून झोपला. शेजारचा म्हातारा म्हणत होता की एवढं पाणी यायचं नाही. त्याला याने असं सुनावलं, माझ्या बहिणीने सांगितलंय म्हणून. आता म्हातारा कोंबड्या वेचतोय."

उनाइसीच्या हातातला ओला सुलू तसाच राहिला. तिच्या लक्षात आलं, की दादाला उद्देशून आपण बोललो त्याला चाळीस वर्षं झाली होती, आणि तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"ऐकतेस ना?" वहिनी म्हणाली. "तो इथेच बसलाय. विचारतोय, पुढची मोठी भरती कधी?"

"पंधरा..." उनाइसीने तोंड उघडलं आणि मिटलं. "वहिनी, तू काही सांगू नकोस. त्याला मी कळवते, निरोपात."